शेपटी गळाला वेढा घालते तेव्हा : एका डिसीव्हरचं प्रकरण

तक्रार नेमकी होती, आणि ते बरंच झालं. ‘फ्लाय चालत नाही’ एवढंच सांगून गप्प बसणारे पुष्कळ भेटतात. (फ्लाय म्हणजे माशाला भुलवण्यासाठी गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेलं आमिष.) हे गृहस्थ गोड्या पाण्यात ट्राउटसाठी वर्षानुवर्षं फ्लाय बांधत आलेले, हात अतिशय सफाईचा, अलीकडेच खाऱ्या पाण्याकडे वळलेले. त्यांनी डिसीव्हर जातीची स्ट्रीमर, म्हणजे पाण्याखाली ओढायची, मासोळीसारखी दिसणारी फ्लाय बांधली होती. १/० नंबरचा स्टेनलेस गळ, मागे पांढऱ्या पिसांची लांब शेपटी, पुढे हरणाच्या शेपटीच्या केसांची कॉलर, पाठीवर हिरवट केस आणि दोन्ही बाजूंना चमकीचे थोडे धागे. त्यांचं म्हणणं दोन कलमी होतं. एक, फेकताना शेपटी गळाच्या वळणाला वेढा घालते आणि तशीच अडकून राहते. दोन, काही फ्लाय ओढताना स्वतःभोवती फिरतात आणि लीडरला, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणाऱ्या बारीक धाग्याला, पीळ पडतो.

पहिल्या कलमाचं नुकसान बाहेरून दिसत नाही. वेढा बसलेली फ्लाय आखूड होते, एका अंगावर कलते आणि मासोळीचा आकार घालवून बसते. पण ती पाण्याखाली असते, त्यामुळे पूर्ण लाइन ओढून घेईपर्यंत ते कळत नाही. म्हणजे ती अख्खी फेक वाया. यांच्या बाबतीत मासे मागे लागून शेवटच्या क्षणी परत फिरत होते आणि दोष रंगावर जात होता. रंग बदलून झाले, चमक वाढवून झाली.

इतरांकडून त्यांना मिळालेला सल्ला एकच होता : फेक सुधारा. हा सल्ला खोटा नाही, पण इथे लागू पडत नव्हता. कारण त्यांच्याच डबीत विकतची एक जुनी डिसीव्हर होती. तोच रॉड, तीच ९ नंबरची लाइन, तोच हात, तेच वारं, आणि ती क्वचितच गुंतायची. घरची मात्र सारखी. फेकणारा एक आणि फ्लाय दोन असतील, तर चौकशी फ्लायपासून सुरू करायची.

गंमत अशी, की ज्या दोषाची ही तक्रार, तो टाळण्यासाठीच ही फ्लाय जन्माला आली. अमेरिकन फ्लाय-मच्छीमार लेफ्टी क्रेह यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात स्ट्राइप्ड बास मासे धरण्यासाठी डिसीव्हर बांधली. त्यांना हवी होती मासोळीसारखी दिसणारी, पाण्यातून चटकन उचलता येणारी, हवेत जड न वाटणारी आणि फेकताना पिसं गळाभोवती न गुंडाळणारी फ्लाय. त्यांनी पिसं गळाच्या दांड्याच्या मागच्या टोकाला बांधली आणि नेढ्याच्या, म्हणजे लीडर बांधायच्या भोकाच्या, मागे केसांची कॉलर अशी बसवली, की केसांची टोकं गळाच्या वळणाच्याही मागे जावीत. पिसांच्या बुडाला चारी बाजूंनी आधार मिळाला. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने फ्लायची २९ सेंटांची तिकिटं काढली, तेव्हा त्या पाचांत ‘लेफ्टीज डिसीव्हर’ होती, आणि स्टू ॲप्टी यांची, टार्पन या मोठ्या समुद्री माशासाठीची फ्लायही. तेव्हा मूळ आराखड्यात खोट नाही. खोट होती ती नकलेत, आणि नक्कल करणाऱ्याचा हात चांगला असल्यामुळे ती झाकली गेली होती.

तपासणी

घरची आणि विकतची शेजारी ठेवली तर घरची उजवी दिसते. डोकं बारीक, दोरा एका पातळीत, कॉलर कातरल्यासारखी सारखी, पिसं लांबसडक आणि चकचकीत. विकतचीचं डोकं जाडजूड, पिसं रुंद, बुडाशी थोडी गबाळी. कोरडी फ्लाय पाहून मत बनवू नये याचं एवढं चांगलं उदाहरण सहसा सापडत नाही.

दोन्ही भिजवून पाण्याने भरलेल्या लांबट टबात लीडरच्या तुकड्याला बांधून ओढल्या. विकतचीची शेपटी भिजल्यावर एकत्र आली, पण तिची रुंदी टिकली. ओढलं की सरळ, थांबलं की हलकीशी उघडायची. घरचीची पिसं भिजताच पातळ झाली, एकमेकांपासून सुटी झाली आणि ओढ थांबली की बुडापासूनच खाली लोंबू लागली. नेमकी गळाच्या वळणावरून. हाताने हलका झटका दिला की एखादं पीस वळणाच्या आत शिरायचं, आणि पुढची ओढ त्याला तिथेच आवळायची. म्हणजे हवेत काय होतं ते टबातही दिसत होतं.

मग ब्लेडने दोरा कापून एक-एक थर सोडवला. हे काम मन लावून करण्यासारखं आहे. कापलेली फ्लाय बांधणाऱ्याच्या सवयी जशा सांगते, तशा तो स्वतः सांगू शकत नाही.

सगळ्यात आधी पिसं. त्यांनी वापरली होती ती पाठीवरची, म्हणजे सॅडल हॅकल, आणि तीही उत्तम प्रतीची. ट्राउटच्या तरंगत्या फ्लायसाठी खास पैदास केलेल्या कोंबड्यांची. अशा पिसाचा कणा मुद्दाम बारीक आणि लवचीक असतो, म्हणजे ते गळाभोवती न तुटता गुंडाळता येतं. तंतू ताठ आणि सुटे असतात, म्हणजे फ्लाय पाण्यावर उभी राहते. एकमेकांत गुंतलेल्या मऊ तंतूंचा जो जाळीदार भाग पिसाच्या मध्यातून वर जातो, तो या पिसांत जवळजवळ नसतो, कारण तो पाणी धरतो आणि तरंगत्या फ्लायला पाणी नको असतं. आता हेच गुण शेपटीला लावून पाहा. बारीक लवचीक कणा म्हणजे बुडाशी मुडपणारी शेपटी. सुटे तंतू म्हणजे भिजल्यावर रुंदी न उरणारं पीस. गळाभोवती सहज गुंडाळलं जाणं हा ज्याचा गुण, ते पीस गळाभोवती गुंडाळलं गेलं, यात नवल काय?

विकतचीतली पिसं उलट होती : जाड कण्याची, रुंद, बुडाकडे भरपूर जाळी असलेली. तरंगत्या फ्लायच्या हिशेबात ती टाकाऊ, म्हणून स्वस्तही. भिजल्यावर शेजारच्या पिसांचे जाळीदार तंतू एकमेकांना चिकटतात आणि चार-सहा पिसांचा मिळून एक पट्टा होतो. तो एकत्र हलतो आणि एकट्या पिसासारखा मुडपत नाही.

दुसरी गोष्ट, पिसं कुठे बांधली होती. घरच्या फ्लायमध्ये ती दांड्याच्या जवळपास मध्यावर होती. ही सवयही गोड्या पाण्यातली. तिथल्या जुन्या पिसांच्या स्ट्रीमरमध्ये पिसं डोक्याशी बांधून दांड्यावरून पंखासारखी मागे नेतात आणि खाली अंग सजवतात. लहान गळावर, आखूड पिसांना ते चालून जातं. इथे गळाच्या मागे पाच इंच पीस होतं, आणि मध्यावर बांधल्यामुळे त्याचा मोकळा भाग वळणाच्या आधीच सुरू होत होता. फेक मागून पुढे वळते त्या क्षणी गळ जड असल्याने आधी दिशा घेतो आणि शेपटी त्याच्यावरून उलटते. मोकळा भाग वळणाच्या पुढे असेल, तर पिसाला थोडंसं खाली घसरलं तरी वळणात शिरता येतं. तेच पीस वळण सुरू होतं तिथे बांधलं, तर अडकण्यासाठी त्याला आपल्याच बुडावर पूर्ण उलटं दुमडावं लागतं. जाड कण्याचं पीस ते सहजी करत नाही.

तिसरी गोष्ट हाताला लागली, डोळ्याला नाही. दोऱ्याचे शेवटचे वेढे सोडवताना पिसं स्वतःहून अंगठ्याखाली फिरली. देठावरचे तंतू त्यांनी पार साफ केले होते, कणा गोल आणि गुळगुळीत उरला होता, आणि गळाच्या उघड्या दांड्यावर दोऱ्याचा पायाच नव्हता. टेबलावर पेन्सिल घरंगळावी तसा गोल कणा दोऱ्याच्या ताणाखाली घरंगळतो. बांधताना पिसं उभी असतात, आवळताना ती आडवी होतात, आणि दोऱ्याचा ओढा त्यांना पलीकडच्या बाजूला नेतो. त्यांच्या जवळपास प्रत्येक फ्लायची शेपटी मधोमध नव्हती, थोडी पलीकडे सरकलेली होती. डोकं इतकं रेखीव, की तिकडे लक्ष जात नव्हतं.

कॉलरबद्दल फार बोलायला नको. केस त्यांनी हरणाच्या शेपटीच्या बुडाजवळचे घेतले होते. ते जास्त पोकळ असतात आणि दोरा आवळला की फुलारतात. फुलारले म्हणून कातरून सारखे केले, आणि कातरल्यामुळे वळणापर्यंत पोचेनात. कॉलर दिसायला होती, कामाला नव्हती. वर त्यांनी गुंता टाळायचा म्हणून नंतरच्या फ्लायमध्ये कॉलरचे केस वाढवले. फुलारलेले केस आणखी वाढले, फ्लाय हवेत अडू लागली, फेक जोर लावून करावी लागली, आणि जोरामुळे गुंता वाढला. उपाय उलटला, तो असा.

फिरण्याचं कारण वेगळं होतं

दोन तक्रारी एकत्र आल्या की कारणही एकच असेल असं वाटतं. इथे तसं नव्हतं. फिरणाऱ्या फ्लाय बाजूला काढून उघडल्या, तेव्हा त्यांत पिसं एकाच अंगाची निघाली.

कोंबड्याच्या डाव्या अंगाची पिसं एका बाजूला झुकतात, उजव्या अंगाची दुसऱ्या बाजूला. चकचकीत बाजू वर करून पीस टेबलावर ठेवलं आणि कण्याच्या टोकाकडे पाहिलं, की कल लगेच दिसतो. दोऱ्यात ओवलेल्या जुडीत दोन्ही मिसळलेली येतात. वरून एकामागून एक उचलत गेलं की कधी जोड्या जमतात, कधी चारही एकाच कुशीची निघतात. अशी शेपटी भिजल्यावर एका बाजूला वाकून राहते, ओढलं की पाण्याला सतत एकाच अंगाने ढकलते, आणि फ्लाय उलटायला लागते. त्यांच्या काही फ्लाय नीट पोहायच्या आणि काही फिरायच्या, याचं कोडं एवढंच होतं. नीट पोहणाऱ्यांत जोड्या योगायोगाने जमल्या होत्या.

पलीकडे सरकलेली शेपटी यात भर घालत होतीच, पण मूळ कारण निवडीत होतं. दोरा हातात घेण्याआधीच फ्लाय बिघडली होती.

काय बदललं

सगळं एकदम बदललं असतं, तर गुण कशाचा ते कळलं नसतं. म्हणून गळ, रंग, लांबी तीच ठेवून एका वेळी एकच बदल केला. बारीक कण्याची तीच पिसं वापरून बांधण्याची जागा फक्त मागे नेली. गुंता कमी झाला, थांबला नाही. मग जागा मध्यावरच ठेवून पिसं जाड कण्याची घेतली. यातही कमी झाला, आणि पहिल्यापेक्षा जास्त. दोन्ही एकत्र केल्यावर फ्लाय विकतचीच्या बरोबरीला आली. वळणाच्या मागे जाणारी कॉलर घातल्यावर तिच्याही पुढे गेली.

इथे माझं मत थोडं टोकाचं आहे. ‘पिसं आखूड करा’ हा सल्ला सगळीकडे पहिल्यांदा दिला जातो आणि मला तो पळवाट वाटतो. आखूड केल्यावर गुंता थांबतो हे खरं, पण लांब शेपटीची जी संथ हालचाल हवी म्हणून पिसं वापरायची, तीच जाते. मग केसांचीच फ्लाय बांधावी. लांबी शेवटी कमी करावी, आधी बूड सुधारावं.

नव्या बांधणीत मुख्य काम पिसांच्या बुडाशी आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो. गळाच्या दांड्यावर आधी वळण सुरू होतं तिथपर्यंत दोऱ्याचा घट्ट पाया. पिसं आधीच डावी-उजवी वेगळी केलेली, सारख्या लांबीच्या जोड्या लावलेल्या. प्रत्येक बाजूला तीन. दोन्ही जुड्यांची खोलगट बाजू आत, म्हणजे शेपटी मिटलेली राहते. देठाकडची भुरभुरीत लव काढायची, पण कणा पूर्ण उघडा करायचा नाही. बांधायच्या जागी जाळीदार तंतूंचा छोटा भाग ठेवायचा, दोरा त्यात रुततो आणि कणा घरंगळत नाही. कणा फारच गोल असेल, तर बांधायचा तेवढा भाग चपट्या तोंडाच्या पक्कडीने हलका दाबून घ्यायचा. फार जोर लावला तर कणा चिरतो आणि मग मासा ओढताना पीस तिथेच सुटतं.

दोऱ्याचंही थोडं बघावं लागतं. २१० डेनिअरचा चपटा नायलॉन दोरा पीळ खाल्ला की गोल होतो आणि पिसांना ढकलतो. बॉबिन, म्हणजे दोऱ्याचं रीळ धरायचं साधन, लोंबत सोडून पीळ उलगडू दिला, की तो पट्टीसारखा पसरतो आणि पिसांना जागेवर धरतो. पहिले दोन-तीन वेढे चिमटीत धरून सैल टाकायचे आणि मग सरळ खाली ओढून आवळायचे. दोऱ्याचा ओढा पलीकडे असतो, म्हणून पिसं धरताना किंचित आपल्याकडे ठेवली तर आवळल्यावर मधोमध येतात. या क्षणी थांबून वरून पाहावं. शेपटी दांड्याच्या रेषेत नसेल तर सोडून पुन्हा बांधावी. पुढे कॉलरने ती सरळ होत नाही.

कॉलरचे केस हरणाच्या शेपटीच्या वरच्या अर्ध्या भागातले, कमी फुलारणारे. आधी त्यांतली आखूड लव विंचरून काढली. एक जुडी वर, एक खाली, टोकं न कातरता वळणाच्या मागे जातील अशी. चमकीचे धागे पिसांपेक्षा थोडेसेच लांब. फार लांब धागे गळात अडकतात आणि पिसांना सोबत घेतात. डोक्यावर रेझिनचा थर. एरवी या गृहस्थांचं डोकं बारीक असायचं, आता जाड झालं आणि त्यांना ते अजून खटकतं.

त्यांनी एक रास्त प्रश्न विचारला. टार्पनच्या फ्लायमध्ये पिसं उलटी, फुगीर बाजू आत करून, बाहेर उघडलेली बांधतात, मग ती का नाही गुंतत? त्या फ्लायची शेपटी तुलनेने आखूड असते, आणि पिसं थेट वळणाच्या तोंडाशीच बांधलेली असतात, पुढचा दांडा बहुतेक मोकळा ठेवून. उघडी पिसं ओढ थांबताच पसरतात, त्यातून श्वास घेतल्यासारखी हालचाल मिळते. तीच रचना पाच इंचांच्या शेपटीवर नेली, तर हवेत प्रत्येक पीस आपापल्या दिशेला जातं. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण त्यांची कलमं करताना लांबी आणि जागा दोन्ही बघावी लागतात.

नायलॉनचा फास हा आणखी एक उपाय त्यांनी ऐकला होता. जाड मोनोफिलामेंटची छोटी कडी वळणाशी आडवी बांधून पिसं तिच्यावर टेकवतात, म्हणजे ती खाली लोंबत नाहीत. बांधून पाहिली. गुंता जवळजवळ संपला, पण बुडाची हालचाल कडक झाली. फार लांब, हातभर फ्लायमध्ये तिचा उपयोग आहे. या मापाच्या डिसीव्हरला, पिसं नीट निवडली असतील तर, तिची गरज नाही असं मला वाटतं. त्यांना तसं वाटत नाही, काही फ्लायमध्ये त्यांनी ती ठेवली आहे.

जे उरलं

एक फ्लाय सगळं नीट करूनही कलून पोहत होती. ती उघडायला घेण्याआधी गाठ पाहिली. आवळती गाठ नेढ्याच्या एका बाजूला सरकून बसली होती आणि फ्लायला तिरपं ओढत होती. त्याऐवजी न आवळणारी, मोकळ्या कडीची गाठ बांधली आणि ती सरळ झाली. लांब पिसांच्या फ्लायला तशीही मोकळी कडी बरी, डोकं मोकळं राहिलं की पूर्ण फ्लाय हलते.

फेकीचा भाग शून्य नव्हता. वारा समोरून असला आणि घाईने जोर लावला की लाइनचा फास मागून बंद होतो, फ्लाय झटक्याने उलटते, आणि चांगली डिसीव्हरही कधीमधी गुंतते. विकतचीही तेच करायची. मागची फेक पूर्ण सरळ होईपर्यंत थांबलं की ते बरंच कमी होतं. पण हा दोष आता सगळ्या फ्लायवर सारखा पडतो, एकट्या घरच्यांवर नाही.

उत्तम प्रतीची सॅडल पिसं त्यांनी पुन्हा ट्राउटच्या डब्यात ठेवली. जुन्या फ्लाय तशाच फेकून दिल्या नाहीत. गळ काढून घेतले. काही ब्राँझ लेपाच्या गळांवर बांधलेल्या फ्लायची पिसं गंजाने तांबूस झाली होती, त्या मात्र टाकल्या. आता खाऱ्या पाण्यातून आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच डबीत जातात. डबी लांब घेतली आहे, कारण आखूड डबीत शेपटी दुमडून राहिली की ती वाकडी होते आणि फिरण्याची तक्रार मागच्या दाराने परत येते. तशी दुमडलेली शेपटी उकळत्या पाण्याच्या वाफेवर काही क्षण धरली, की पिसं सरळ होतात. हात मात्र वाफेपासून लांब ठेवावा आणि फ्लाय चिमट्यात धरावी.